ओसी कसा निवडायचा आणि आरपीओ कसा ओळखायचा (कोल्हापुरात बसून कॉलेज फुटबॉल बघणाऱ्यांसाठी)

आधीच सांगतो, हे आपल्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलबद्दल नाही. पाटाकडील भारी का शिवाजी, त्या भांडणात मी पडत नाही, आमच्या घरातच दोन पार्ट्या आहेत. हे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल आहे, तो लांबुळका बॉल, हेल्मेट घातलेले धिप्पाड गडी, चार चान्समध्ये दहा यार्ड पुढं सरकायचं आणि नाही जमलं तर बॉल समोरच्याच्या हातात. भाचा एमएस करायला तिकडं गेला आणि पहिल्या सुट्टीला येताना एक खरा बॉल आणि प्लेस्टेशनची कॉलेज फुटबॉलची डिस्क घेऊन आला, तेव्हापासून आम्हा चौघांना जो नाद लागलाय तो लागलाय.

त्या गेममध्ये डायनेस्टी म्हणून प्रकार आहे, एक कॉलेज घ्यायचं, हेड कोच आपण व्हायचं आणि हाताखालचे कोच आपणच नेमायचे. पहिल्या सीझनला मी काय केलं तर यादीत ज्याच्या नावापुढं सगळ्यात जास्त स्टार होते तो ओसी, म्हणजे डाव ठरवणारा कोच, उचलला, त्याची स्कीम एअर रेड, म्हणजे सारखा पासच पास, आणि माझा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल हातात घेऊन डाव चालवणारा गडी, असा की पळायला घोडा पण बॉल टाकला तर रंकाळ्यात. पहिल्या पाचातल्या चार मॅच हरलो. दोस्तलोक अजून काढतात. तर हे सगळं त्या अनुभवातनं आलेलं आहे आणि नंतर खऱ्या मॅच बघून पक्कं झालेलं आहे.

ओसी म्हणजे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. हेड कोच हा आपल्या मंडळाच्या अध्यक्षासारखा, देणगीदार सांभाळा, पोरांच्या आईबापांना भेटा, पत्रकारांना तोंड द्या. ओसी म्हणजे वस्ताद. आपल्याकडं बॉल असताना कुठला डाव टाकायचा ते तो ठरवतो, प्रत्येक प्लेला, आणि दोन प्लेच्या मध्ये घड्याळात असतात ४० सेकंद. काही ठिकाणी हेड कोचच डाव सांगतो आणि ओसी नुसता नावाला असतो, त्यावर पुढं बोलतोच.

पण ओसी निवडायच्या आधी आरपीओ समजून घ्या, कारण आजकाल बहुतेक कॉलेजं थोडाफार तरी आरपीओ खेळतातच आणि कोण तो डोकं लावून खेळवतोय आणि कोण नुसता फॅशन म्हणून, हे कळलं की अर्धं काम झालं.

आरपीओ म्हणजे रन-पास ऑप्शन. मला हे कळलं ते मिरजकर तिकटीला चहाच्या गाड्यावर, भाच्यानं रिकामे ग्लास मांडून दाखवलं तेव्हा. सहा ग्लास एका ओळीत, हे आपले अडवणारे, पाच लाइनमन आणि त्यांच्या टोकाला उभा राहणारा एक टाइट एंड. समोर सात ग्लास, हे त्यांचे बॉक्समधले गडी, बॉक्स म्हणजे लाइनच्या आजूबाजूचा तो गर्दीचा चौकोन. सहानं सहा अडवले तरी सातवा उरतोच, आणि तोच येऊन रनिंग बॅकला, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला, पाडतो. जुन्या पद्धतीत ओसी म्हणायचा अजून एक गडी अडवायला आणा. आरपीओवाला म्हणतो त्या सातव्याला अडवूच नका, मोकळा सोडा, आणि क्वार्टरबॅकनं फक्त त्याच्याकडं बघायचं. भाच्यानं क्रीमरोलचा तुकडा त्या सातव्या ग्लासच्या बरोबर मागं ठेवला आणि म्हणाला, मामा, हा रिसीव्हर, पास पकडणारा. आता हा ग्लास पुढं आला तर मागची जागा रिकामी, बॉल तिथं टाक. हा मागंच थांबला तर पुढं सहाला सहा, बॉल रनिंग बॅकच्या पोटात दे. काहीही कर, सातवा चुकणारच.

गाडीवाला पण ऐकत होता, तो म्हणाला म्हणजे खटक्यावर बोट जाग्यावर पलटी की. अगदी तेच. आणि ज्यांनी तालमीचं तोंड बघितलंय त्यांना तर हे नवीन वाटायचंच नाही, समोरचा रेटा देतोय का मागं झुकतोय ते हाताला कळतं आणि तो जे देईल त्यावरच आपला डाव, आधी ठरवून गेलं की फसलं.

आता इथं बरेच जण तीन गोष्टींची खिचडी करतात. प्ले अॅक्शन म्हणजे रनचं नुसतं सोंग, पास टाकायचा हे आधीच ठरलेलं असतं. झोन रीड म्हणजे क्वार्टरबॅक समोरच्या टीमच्या शेवटच्या लाइनमनला बघून ठरवतो की बॉल द्यायचा का स्वतः घेऊन पळायचं, हा डाव रिच रॉड्रिगेझ या कोचनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लेनव्हिल स्टेट नावाच्या छोट्या कॉलेजात बसवला. आणि आरपीओ म्हणजे द्यायचा का फेकायचा. ओळखायची खूण सोपी आहे, बॉलवाल्या टीमच्या लाइनमनकडं बघा. प्ले अॅक्शनमध्ये ते शेवटी मागं सरकून क्वार्टरबॅकला सांभाळत असतात. आरपीओमध्ये त्यांना माहितीच नसतं की पास होणार आहे, ते बिचारे रन समजून पुढं घुसलेले असतात. टीव्हीवर लाइन पुढं धावतेय आणि बॉल हवेत गेलाय असं दिसलं की समजायचं हा आरपीओ.

लाइन पुढं जाते म्हणून तर नियमाचा घोळ होतो. कॉलेजमध्ये पास सुटायच्या आधी लाइनमन जास्तीत जास्त ३ यार्ड पुढं जाऊ शकतात, एनएफएलमध्ये, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये, फक्त १ यार्ड. हे दोन यार्ड ऐकायला काहीच नाहीत पण क्वार्टरबॅकला विचार करायला जो वेळ मिळतो तो ह्याच दोन यार्डातनं मिळतो. म्हणूनच हा प्रकार कॉलेजात एवढा फोफावला. तीनच्या पुढं गेले की ५ यार्डाची पेनल्टी. पास लाइनच्या, म्हणजे बॉल जिथनं सुरू झाला त्या रेषेच्या, अलीकडंच पकडला असेल तर ही पेनल्टी लागत नाही, त्यामुळं बाजूला टाकायचे ते छोटे स्क्रीन पास त्यातल्या त्यात सेफ.

दुसरी गोष्ट मैदानाची. मैदान रुंदीला १६० फूट, आणि कॉलेजमध्ये हॅश मार्कच्या, म्हणजे ज्यांच्या मधनं प्रत्येक प्ले सुरू होते त्या खुणांच्या, दोन ओळी एकमेकींपासून ४० फुटांवर असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजात बॉल हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट जागा आणि दुसऱ्या बाजूला तब्बल १०० फूट. ह्या शंभर फुटात दोन-तीन रिसीव्हर पसरून उभे केले की तो सातवा गडी कात्रीत सापडतो, पळत तिकडं जाऊ का इथं आत थांबू. चांगला ओसी ही मोठी बाजू कशी वापरतो ते बघत जा, ह्यावरनं माणूस लगेच कळतो.

आता पोटात गोळा आणणारं उदाहरण. ३० नोव्हेंबर २०१३, ऑबर्न विरुद्ध अलाबामा. सगळ्यांना त्या मॅचचा शेवट माहीत असतो, अलाबामाचा फील्ड गोल, म्हणजे खांबांमधनं मारायची किक, शॉर्ट पडला आणि ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसनं तो एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या, आत पकडून अख्खं मैदान पळत जाऊन टचडाउन केला, ३४-२८. पण माझ्या मते खरी प्ले त्याच्या आधीची. ऑबर्न ७ पॉइंटनं मागं, ३२ सेकंद शिल्लक राहिले तेव्हा ती संपली, म्हणजे बघा किती कडेवर होतं. रनिंग बॅक ट्रे मेसनला बॉल देत देत त्यांनी अलाबामाच्या डिफेन्सला नुसतं पुढं ओढून आणलेलं. आता पण सेम दिसलं, क्वार्टरबॅक निक मार्शलनं मेसनच्या पोटाशी बॉल नेला, काढून घेतला आणि डावीकडं पळत सुटला, आणि कोपऱ्यातला कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरवर नजर ठेवणारा गडी, रिसीव्हर सॅमी कोट्सला सोडून मार्शलला पाडायला पुढं आला. मार्शल लाइनपाशी पोचता पोचता थांबला आणि कोट्सकडं बॉल सोडला, कोट्सच्या आसपास कुणी नाही, ३९ यार्ड, टचडाउन. मी ही प्ले पन्नास वेळा तरी बघितली असेल. आणि मजा म्हणजे हा मार्शल आधी जॉर्जिया कॉलेजात स्वतःच कॉर्नरबॅक होता. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरजच नव्हती.

हेड कोच होता गस माल्झान, हा माणूस २००५ पर्यंत आर्कान्सातल्या हायस्कूलांमध्ये कोच होता. ह्यावरनं एक मुद्दा घ्या, ओसी बघताना मोठ्या कॉलेजचं नाव बघून हुरळून जाऊ नका. ज्यानं हायस्कूलची पोरं शिकवलीत त्याला कमी वेळात, सोप्या शब्दात सांगायची सवय असते, आणि आरपीओ हा शेवटी एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला दीड सेकंदात करायचा निर्णय आहे.

आरपीओ कुठं गचकतो ते पण माहीत पाहिजे, नाहीतर ओसीला उगाच शिव्या घालत बसाल, किंवा उगाच डोक्यावर घ्याल. डिफेन्स मॅन टू मॅन लावतो, प्रत्येक रिसीव्हरला एकेक गडी चिकटवतो, मग तो सातवा पासची काळजीच करत नाही, सरळ रनवर येतो, आणि आपल्या रिसीव्हरला समोरासमोर जिंकल्याशिवाय इलाज नाही. काही डिफेन्स सातव्याला सांगतात की मुद्दाम पुढं ये, आणि मागची रिकामी जागा दुसरा कोणीतरी गुपचूप येऊन भरतो, क्वार्टरबॅकला वाटतं मोकळं आहे आणि पास थेट त्याच्या हातात. तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारातल्या तिसऱ्या चान्सला, आठ-नऊ यार्ड हवे असले की रनला कोण घाबरतंय, तिथं आरपीओचा धाकच संपतो आणि नेहमीचा पास खेळायला यावाच लागतो. आणि एक, मोकळा सोडलेला गडी कधी कधी क्वार्टरबॅकलाच येऊन आदळतो. ओसीकडं ह्या प्रत्येकावर उत्तर आहे का, हे बघा.

बरं, आता निवड.

पहिला प्रश्न माझा असा असतो की हा कुठल्या तालमीचा पट्ठा. तिकडं पण घराणी आहेत. जो मूरहेड २०१६ ला पेन स्टेटचा ओसी झाला, त्याच्या आधी तो फोर्डहॅम कॉलेजचा हेड कोच होता. क्वार्टरबॅक ट्रेस मॅकसोर्ली, मागं उभा सेक्वॉन बार्कली, आणि बार्कलीच्या धाकानंच लाइनबॅकर, म्हणजे ते सातव्यासारखे लाइनमागचे गडी, पुढं यायचे नि त्यांच्या डोक्यावरनं पास जायचा, लांबचे पास, नुसते चिंधी पास नाही. त्याच वर्षी पेन स्टेट बिग टेन या कॉलेज लीगचा चॅम्पियन. त्या स्टाफमध्ये सगळ्यात खालच्या पायरीवर एक पोरगा होता, जो ब्रेडी. तो पुढं दोन वर्षं एनएफएलमध्ये न्यू ऑर्लिन्सला जाऊन २०१९ ला एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेटला, आला आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, जो बरो ह्याच क्वार्टरबॅकनं २०१८ मध्ये १६ टचडाउन पास टाकलेले, २०१९ मध्ये ६०. टीम १५-०, म्हणजे एकही मॅच हरली नाही. गडी तोच, मैदान तेच.

पण इथंच दुसरा प्रश्न येतो. त्या वर्षी एलएसयूचा ओसी ब्रेडी नव्हताच, ओसी होता स्टीव्ह एन्समिंगर, ब्रेडीचं पद होतं पासिंग गेम कोऑर्डिनेटर, आणि वर्षातल्या सर्वोत्तम असिस्टंट कोचला मिळणारा ब्रॉइल्स अवॉर्ड मात्र ब्रेडीला मिळाला. म्हणून दारावरची पाटी वाचून ओसी उचलू नका. डाव कोण सांगत होतं, आठवड्यात प्लॅन कोण बनवत होतं, क्वार्टरबॅकबरोबर खोलीत कोण बसत होतं, हे शोधा. आणि एका सीझनवर भाळू नका. ब्रेडी एका वर्षात परत एनएफएलला गेला, बरो पण गेला, पुढच्या वर्षी एलएसयू ५-५. चांगला ओसी टिकत नाही हे धरूनच चाला, त्याच्या हाताखाली कोण तयार होतोय ते नेमतानाच बघून ठेवा.

तिसरा प्रश्न जरा नाजूक आहे, हेड कोच त्याला काम करू देणार का. आयोवाचं बघा. हेड कोच कर्क फेरेन्झ, २०२३ पर्यंत ओसी होता त्याचाच मुलगा ब्रायन. नात्यागोत्याच्या नियमामुळं कागदावर ब्रायनचा साहेब बाप नव्हता तर कॉलेजचा अॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे खेळ विभागाचा प्रमुख. २०२३ च्या सीझनआधी ब्रायनच्या करारात अट घातली, पगार साडेआठ लाख डॉलर, पण टीमनं मॅचला सरासरी २५ पॉइंट काढले पाहिजेत आणि ७ मॅच जिंकल्या पाहिजेत. त्यात डिफेन्सनं केलेले पॉइंट पण धरणार होते म्हणे, म्हणजे अट काय एवढी अवघड नव्हती. झालं काय, टीमनं १० मॅच जिंकल्या, आणि सरासरी पडली १५.४. सीझन संपायच्या आतच जाहीर झालं की पुढच्या वर्षी ब्रायन नाही. आपल्याकडच्या साखर कारखान्यांची निवडणूक बघितलेल्या माणसाला ह्यातलं काही समजावून सांगायची गरज नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की करारात पॉइंटचा आकडा लिहून ऑफेन्स सुधारत नाही, आणि टीम जिंकतेय म्हणून ओसी चांगला असं पण नाही, आयोवाला डिफेन्स जिंकून देत होता.

उलटं उदाहरण ओहायो स्टेटचं. रायन डे स्वतः डाव सांगायचा. २०२४ मध्ये त्यानं ते काम सोडलं आणि चिप केलीला ओसी म्हणून आणलं, जो तेव्हा यूसीएलएचा हेड कोच होता, म्हणजे गडी हेड कोचची खुर्ची सोडून खालच्या पदावर आला. वर अजून गंमत, डे जेव्हा न्यू हॅम्पशायर कॉलेजात क्वार्टरबॅक होता तेव्हा त्याचा कोच हाच केली. वस्ताद पट्ठ्याच्या हाताखाली नोकरीला. आपल्याकडं असं झालं असतं तर चार दिवस पेठेत दुसरा विषय नसता. जानेवारी २०२५ ला नोट्र डेमला ३४-२३ हरवून ते नॅशनल चॅम्पियन झाले. इगो बाजूला ठेवून काम वाटून घेणारे दोघं असले की असं होतं, आणि हे कुठल्या रेटिंगमध्ये दिसत नाही.

चौथा आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठा: पोरं बघून स्कीम का स्कीम बघून पोरं. क्वार्टरबॅक पळणारा असला तर आरपीओच्या जोडीला झोन रीड पाहिजे, मग त्या सातव्याला दोन नाही तीन गोष्टींची धास्ती. क्वार्टरबॅक उभा राहून झटकन टाकणारा असेल तर आतल्या बाजूला तिरके जाणारे रिसीव्हर आणि बॉल लगेच हातातनं सुटला पाहिजे. लाइन कच्ची असेल तर आरपीओ थोडं झाकतो, पण रनच होत नसेल तर समोरचा पुढं येणारच कशाला, मग सगळा डाव पोकळ. नव्या ओसीच्या जुन्या टीमच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या मॅच काढा, क्वार्टरबॅक बदलल्यावर त्यानं डाव बदलले का तेच रेटले, एवढं बघितलं तरी बास. मी एअर रेडवाला उचलला तेव्हा हेच बघितलं नव्हतं.

अजून एक छोटी गोष्ट, २०२४ पासून मोठ्या कॉलेजांमध्ये एका गड्याच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो, पण प्ले क्लॉकवर १५ सेकंद राहिले की बंद. त्यामुळं ओसी कितीही हुशार असला तरी शेवटचे पंधरा सेकंद पोरगं एकटंच असतं. ज्या ओसीचा आरपीओचा नियम एका वाक्यात सांगता येत नाही त्याच्या पोराचं त्या पंधरा सेकंदात काय होत असेल बघा.

मॅच कधी बघायच्या तर सुरुवातीचे दोन महिने तिकडच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनं दुपारी बाराची मॅच आपल्याकडं शनिवारी रात्री साडेनऊला, साडेतीनची रात्री एकला, आणि साडेसातची रविवारी पहाटे पाचला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते घड्याळं मागं घेतात, मग आपल्याकडं सगळं एक तास उशिरा. नवशिक्यांनी साडेनऊचीच बघा, एकच्या मॅचला झोप लागते. आणि पहिला क्वार्टर बॉलकडं बघायचंच नाही. स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागं देऊन प्ले सुरू होण्याच्या, आधी बॉक्समधले गडी मोजा, आपले अडवणारे मोजा, उरलेला कोण ते शोधा आणि नजर फक्त त्याच्यावर. तो पुढं की मागं, एवढंच मनातल्या मनात म्हणायचं. सुरुवातीला दहात दोन बरोबर येतील. घाबरू नका.

आमच्यातला एक जण दोन महिने नुसता चिवडा खायला यायचा, त्याला ह्यातलं काही पटत नव्हतं. एका रात्री दीडच्या सुमाराला तो अचानक उठून बसला आणि ओरडला, आला, आला, पुढं आला, टाक! आणि क्वार्टरबॅकनं खरंच टाकला, त्या लाइनबॅकरच्या पाठीमागं, बरोबर त्याच जागेत. त्याचा आवाज एवढा मोठा होता की आतनं आई बाहेर आली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, कोण आलंय एवढ्या रात्री?